जावयाचा घोयरा

सोलापूर,
चैत्र शुद्ध दशमी, शके १८५६

चिरंजीव चिंतामणराव यांस सोलापुराहून वेणीमाधव पुजारी याचे पोटापासून आशीर्वाद. महादेवाच्या कृपेनं इकडं सगळी बरी आहेत. पुण्यात तुमची आणि विहीणबाईंची प्रकृती ठीक असेल, अशी आशा करतो.

तुमचं कार्ड काल दुपारी आलं. ‘घोयरा कसा आहे ते कळवावे. जपावे.’ एवढाच मजकूर. दुर्गानं कार्ड हातात घेतलं, उलटून बघितलं. मागं पत्ताच होता. मी म्हटलं, शाळेतल्या परीक्षांच्या गडबडीत लिहिलंय पोरी, कार्डावर जागा तरी कितीशी असते. अर्धं कार्ड कोरं होतं, ते तिला दिसलंच असेल. ते असो.

तर घोयरा उत्तम आहे. दुर्गाला इथं सोडून टांग्यात बसताना तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे. “हा जपा. तुमच्या घरात जीव कसा जपतात ते मला यावरून कळेल. मग दुर्गाचं काय ते बघू.” शेजारचे बाळासो तिथंच उभे होते, त्यांनीही ऐकलं. म्हणून सांगतो, त्याच्या बडदास्तीत आम्ही कुठं कमी पडलेलो नाही. देगावच्या वाटेवर बाभळीवरून तुम्ही त्याला रुमालात धरलंत, तेव्हा तो एक रंग पालटणारा रानातला सरडा असेल. आता तो जावयाचा घोयरा आहे. आमच्याकडं जावयाची उठबस कशी होते ते मी सांगायला नको. लग्नात तुमच्या मामांचा पाट दुसऱ्या पंगतीत पडला ती वाढप्याची चूक होती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. वर्ष झालं त्याला. विहीणबाईंनी आता ते मनातून काढून टाकावं.

माजघरात देवघरालगत जो गार कोपरा आहे, जिथं भर वैशाखातही ऊन शिरत नाही, तिथं त्याची पेटी ठेवली आहे. सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्ही पुण्याच्या माणसांनी नुसतं ऐकावं. जाळीवर धाकट्या मालतीच्या जुन्या परकराचा पडदा शिवलाय, दृष्ट नको म्हणून. चांदीच्या वाटीत दूध, दुसऱ्या वाटीत साजूक तूप घातलेला मऊ भात, तिसरीत वाळ्याचं पाणी. काल रामनवमीचा सुंठवडासुद्धा ठेवला. आणि त्याला क्षणभर एकटं ठेवत नाही. मी, नाहीतर ही, नाहीतर मालती, कोणी ना कोणी पडदा सारून समोर पाटावर बसलेलं असतंच. गल्लीतल्या बाया तर हळदीकुंकवाला आल्यासारख्या बघायला येतात आणि निवांत बसून जातात.

खातोपितो चांगला.

आता मुद्द्याचं. यंदा वैशाख अधिक आहे. लग्नानंतरचा तुमचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. हिनं अनारशांचे तांदूळ आत्तापासून निवडून ठेवलेत. तुम्ही या, धोंडे जेवा, तेहतीस अनारशांचं वाण घ्या, तुमचा घोयरा घ्या आणि दुर्गाला घेऊन जा. तिची पेटी भरलेलीच आहे. फाल्गुनात आल्यापासून तिनं ती पुरती उघडलेली नाही.

सहज एक विचारतो. तो दिवसा डोळे मिटून बसतो. ही जात झोपाळूच असते ना?

तुमचा,
वेणीमाधव


सोलापूर,
चैत्र वद्य पंचमी

चिरंजीव चिंतामणराव यांस आशीर्वाद.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. ‘दूधभात काय घालता? तो जिवंत किडे खातो. इतके साधे ज्ञान नसावे याचे आश्चर्य वाटते.’ आमचं ज्ञान किती ते आम्हाला ठाऊक आहे चिंतामणराव. सकाळ-संध्याकाळ महादेवाची पूजा करणारी माणसं आम्ही. किडा दिसला तर केरसुणीनं हलकेच बाहेर लोटणारं घर आमचं. जाताना तुम्ही एवढं बोलला असतात तर बरं झालं असतं. पण जावयाला उलट बोलू नये, म्हणून नाही बोलत.

मागच्या पत्रात खातोपितो लिहिलं ते मी खोटं लिहिलं नव्हतं. वाटीतलं दूध रोज कमी व्हायचं. नंतर मालतीनं बघितलं, मांजर पीत होती.

तुमचं कार्ड आलं तेव्हा प्रश्न पडला की घरात जिवंत किडा मारायला द्यायचा कसा. मग मी एक तोड काढली. दिव्यावर येऊन मरतात ते किडे-पतंग सकाळी गोळा केले आणि केळीच्या पानावर मांडून त्याच्यासमोर ठेवले. आपण मारले नाहीत, त्याचंही पोट भरेल. त्यानं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. हलेल ते त्याला दिसतं, पडून असेल ते दिसतच नाही, असं आता लक्षात येतंय. पण ते लक्षात येईपर्यंत बरेच दिवस गेले.

शेवटी आमची दूधवाली बजाबाई, तिला सांगितलं. तिनं शेतातून पदरात बांधून नाकतोडे आणले आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. या जनावराला ती भिते. म्हणाली, “देवा, ह्यो फुंकला तर मानूस खंगतंय म्हनत्यात. पर ह्योच लई खंगलाय की वो. हाडं दिसाया लागली. मला काय ह्यो जगंल असं वाटत न्हाय.” तिला मी चांगलीच झापली. म्हटलं, पुन्हा असं बोललीस तर रतीब बंद. ती गेल्यावर मीच पडदा सारून त्याची हाडं बघितली.

नाकतोडे आत सोडले. हिनं देवघराचं दार लावून घेतलं, देवानं बघू नये म्हणून. आम्ही सगळे पेटीभोवती बसलो. नाकतोडे याच्या पाठीवरून चालले तरी हा हलला नाही. तुम्ही आणलात तेव्हा हिरवागार होता. आता अंगावर काळपट डाग आलेत, तव्याच्या बुडासारखे.

मी सरड्यासाठी रडतोय असं कृपा करून समजू नका. मागल्या आठवड्यात करमाळ्याची माणसं मालतीला बघायला आली होती. चहा झाला, पोरीला चार प्रश्न झाले, मग त्यांच्या आबासाहेबांनी विचारलं, “थोरली इथंच असते का?” मी म्हटलं, जावयांच्या शाळेत परीक्षा आहेत, पुढच्या महिन्यात न्यायला येणार आहेत. ते हसले. अजून त्यांचा निरोप नाही. मालतीचं जुळायचं तर थोरली सासरी नांदताना दिसली पाहिजे, एवढं तुम्हालाही कळतं.

तुमच्या या जनावराला आजार कोणता, औषध कोणतं, एवढंच लिहा. सृष्टिज्ञान शिकवता तुम्ही. तुमच्या पुस्तकात असेलच की काहीतरी. आणि लिहिताना दुर्गाला दोन शब्द लिहिलेत तर बरं होईल. नुसतं ‘ठीक आहे’ लिहिलंत तरी चालेल.

तुमचा,
वेणीमाधव


सोलापूर,
अधिक वैशाख शुद्ध तृतीया

चिंतामणराव,

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन दारावरून जातो आणि मी पायरीवर उभा असतो. तोही आता मान खाली घालून जातो.

खरं ते सगळं सांगतो. घोयरा मरायला टेकलाय. डोळे खोल गेलेत. बाहेर आलेले, बुबुळ गरगर फिरवणारे ते डोळे आता आत बसलेत, आणि दिवसाउजेडीही मिटलेले असतात. पाठीची कातडी मी चिमटीत धरून बघितली, ती तशीच उभी राहिली, परत बसली नाही. कमरेची हाडं वर आलीत. फांदीवरची पकड सुटते आणि तो खाली पडतो. आम्ही उचलून पुन्हा फांदीवर ठेवतो, तो पुन्हा पडतो. बाळासोंनी सांगितलं मिऱ्याचं पाणी पाजा, ते पळीनं तोंडाला लावलं, सगळं बाहेर आलं. हिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी महादेवाला अकरा आवर्तनांचा रुद्र बोललोय. आयुष्यात कधी देवाकडं सरड्यासाठी काही मागेन असं वाटलं नव्हतं.

तो मेला तर तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच ऐकू येतंय. एक जीव जपायला दिला, तोही नाही जमला. मग दुर्गाला नेणार नाही. मी तुमच्या पाया पडतो. वयानं मोठा आहे, सासरा आहे, तरी पडतो. तो मेला तर तो त्याच्या नशिबानं मेला असं समजा, त्याचा राग माझ्या पोरीवर काढू नका. तार करा. काय करू ते सांगा.

(हेच पत्र संध्याकाळी पुढं लिहितो. सकाळी टपालात टाकायला निघालो होतो, पण देवळात जायची वेळ झाली म्हणून खिशात ठेवलं ते बरंच झालं.)

दुपारी गाभाऱ्यात एकटा बसलो होतो. पूजेत लक्ष नव्हतं. चैत्रापासून आम्ही पिंडीवर गळती लावतो, तुम्ही बघितली असेल. तांब्याचा बुडाला बारीक भोक पाडलेला घडा, त्यातून देवाच्या डोक्यावर दिवसभर थेंब थेंब पाणी पडतं. उन्हाळ्यात देवाला गारवा हवा म्हणून. तर पिंडीवरच्या बेलाच्या पानाशी एक पाल येऊन बसली होती. एरवी हाकलली असती. आज बसल्या जागेवरून उठवलं नाही. ती पानावरचा थेंब जिभेनं टिपत होती. खाली पिंडीभोवतीच्या जलहरीत वीतभर पाणी साचलेलं, तिकडं तिनं बघितलंही नाही.

मी पूजा तशीच सोडून घरी आलो. असं पंचवीस वर्षांत केलं नव्हतं. जुनी गळती माळ्यावर होती ती काढली, घासायलाही थांबलो नाही. मागच्या दारी तीन काठ्यांची तिकटी उभी केली, खाली कडुलिंबाची ताजी फांदी खोवली आणि घोयऱ्याला त्या फांदीवर ठेवून वर गळती टांगली. ही म्हणाली, “अहो, देवाची गळती ती.” मी म्हटलं, देवाकडं दुसरी आहे.

पाणी पानांवरून ओघळायला लागलं. बराच वेळ काही नाही. मग त्याचा एक डोळा उघडला. तो डोळा पानाकडं वळला, दुसरा माझ्याकडं. आणि त्यानं तोंड पुढं करून पहिला थेंब घेतला. चिंतामणराव, तो कितीतरी वेळ पीत होता. थांबायचा, परत प्यायचा. आम्ही तीन वाट्या समोर मांडल्या होत्या आणि तो तहानेनं वाळत होता. साचलेलं पाणी म्हणजे पाणी हेच त्याला ठाऊक नाही.

मी तिथंच ओट्यावर बसून रडलो. दुर्गानं बघितलं. घडा रिकामा झाला होता तो तिनं भरून आणला.

तुमचा,
वेणीमाधव


सोलापूर,
अधिक वैशाख शुद्ध द्वादशी

चिंतामणराव यांस,

घोयरा जगेल. आधी हे लिहितो, कारण तुम्ही तेवढंच वाचाल असं वाटतं.

पाणी पिऊ लागला तरी खात नव्हता. रोज बजाबाई नाकतोडे आणायची, रोज आम्ही भोवती बसायचो. गल्लीत बातमी पसरली होती की पुजाऱ्यांचा सरडा गळतीखाली बसून पाणी पितो, त्यामुळं बघायला जत्रा. कोणी नमस्कारसुद्धा करून गेलं. आणि हा काळा पडून, अंग चपटं करून फांदीमागं लपायचा. मी म्हणायचो, बघा कसा लाजतो.

परवा दुर्गा बाहेर आली. आल्यापासून ती फारशी बोललेली नाही, सांगू ते काम करते आणि माजघरात जाऊन बसते. मला म्हणाली, “आप्पा, याच्यासमोरनं सगळ्यांना उठवा.”

मी म्हटलं, “का?”

“कोणी टक लावून बसलं की घास उतरत नाही. भूक असली तरी नाही उतरत.”

“तुला काय ठाऊक?”

“मला ठाऊक आहे,” म्हणाली.

तिनं त्याला तिकटीसकट उन्हात नेलं, अर्धं ऊन अर्धी सावली येईल अशा जागी, कुंभारवाड्याकडच्या भिंतीशी. मी ओरडलो, मरेल तो उन्हानं. ती म्हणाली, “बाभळीवर कोण छत्री धरत होतं त्याच्यावर?” मग तिनं नाकतोड्यांच्या मागच्या तंगड्या मोडून ते पानांवर सोडले. माझ्या पोरीच्या हाताला कंप नव्हता. मागच्या दाराला तिनं कडी घातली आणि आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत आणून बसवलं. बाळासो आले होते, त्यांनाही परत पाठवलं.

दुपार टळल्यावर कडी काढली. पानांवर एकही नाकतोडा नव्हता. घोयरा फांदीच्या शेंड्यावर होता, काळे डाग विरून अंग पोपटी झालेलं, दोन डोळे दोन दिशांना. कोणी न बघता तो जेवला होता.

मला इतका आनंद झाला की मी हिला गूळ वाटायला सांगितला. आणि मग तिचं ते ‘मला ठाऊक आहे’ माझ्या डोक्यात अडकलं. मी दुर्गाला विचारलं. ती आधी काही सांगेना. मी म्हटलं, माझी शपथ आहे. तेव्हा जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“मी जेवायला बसले की सासूबाई समोर पाट घेऊन बसायच्या. पोळ्या मोजायच्या, मोठ्यानं. दुसरी घेतली की म्हणायच्या, दोन. तिसरीला हात लावला की यांना हाक मारायच्या, ऐकलंस का रे, मामांना दुसऱ्या पंगतीत बसवणाऱ्यांची लेक तिसरी घेतेय. मग मी तिसरी घेणं सोडलं. नंतर दुसरीही सोडली.”

मी विचारलं, “आणि चिंतामणराव?”

“कधी कधी तेही येऊन बसायचे,” म्हणाली.

चिंतामणराव, मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. पोर लहान आहे, नवं घर, नवी माणसं, तिचा काही गैरसमज झाला असेल. सासवा टाकून बोलतात, आमच्या आईनंही हिला कमी छळलं नाही. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही एकदा लिहा की असं नव्हतं. किंवा असं झालं असेल तर पुन्हा होणार नाही, एवढं लिहा. मी विश्वास ठेवीन. मला ठेवायचाच आहे. घोयरा तुमचा बरा केलाय, धोंड्याची तयारी झालीय, दुर्गाची पेटी बांधलेली आहे. माझ्याजवळ दुसरा रस्ता नाही. एक कार्ड लिहा.

तुमचा,
वेणीमाधव


सोलापूर,
अधिक वैशाख वद्य नवमी

चिंतामणराव,

तुमचं पत्र आणि त्यासोबतची वस्तू तुमचे स्नेही काल पोचवून गेले. यावेळी कार्ड नव्हतं, पाकीट होतं, म्हणून मी ते आधी देवापुढं ठेवलं आणि मग उघडलं. तुम्ही लिहिलंय ते पुन्हा इथं उतरवतो, म्हणजे माझ्या वाचण्यात चूक झाली असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

‘घोयरा मेल्यास हरकत नाही. शाळेच्या संग्रहास नमुना म्हणून हवा आहे. सोबतच्या बाटलीतील स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा, शेपूट मोडू देऊ नये. जिवंत असल्यास मी आल्यावर घालीन. पौर्णिमेनंतर येणार होतो ते लांबले, अमावास्येच्या आत येतो. दुर्गास तयार ठेवावे, आईस अलीकडे घरकाम होत नाही. जेवणाखाणाच्या गोष्टी बायकांच्या आहेत, आपण त्यात पडू नये.’

पत्र मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “न्यायला येताहेत ना? मग झालं.” आणि डोळे पुसून अनारशांचं पीठ मळायला गेली. मीही आधी तसंच म्हणालो. महिना-दीड महिना ज्यासाठी पायरीवर उभा राहिलो ते झालं होतं. करमाळ्याला निरोप धाडता येणार होता. मी बाटली खिडकीत ठेवली. रुंद तोंडाची, चांगल्या काचेची बाटली आहे.

मग दुर्गाला बोलावून सांगितलं, “चिंतामणराव येताहेत. तुला नेणार.”

तिनं डोळे मिटले. दिवसाउजेडी, माझ्यासमोर उभी राहून.

चिंतामणराव, चैत्रापासून मी एका जनावराचे डोळे बघत बसलोय. खोल गेलेले डोळे कसे असतात, वर आलेली हाडं कशी असतात, अंगाची रया जाते म्हणजे काय, हे मला आता झोपेतसुद्धा ओळखता येतं. आणि माझी पोर त्याच घरात, त्याच माजघराच्या अंधारात, त्याच्यापासून चार हातांवर बसत होती. मी तिच्याकडं एकदाही तसं बघितलं नव्हतं. काल बघितलं. तिचा हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. मी हिला हाक मारली आणि म्हटलं, इकडं ये, बघ. हिनं पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. त्यानंतर आमच्या घरात पाठवण्याची भाषा कोणी केलेली नाही.

तर आता नीट वाचा. दुर्गा येणार नाही. अमावास्येच्या आत येणार नाही आणि नंतरही नाही. तुम्ही वकील घ्या, पंच आणा, आमची बदनामी करा, दुसरं लग्न करा. करालच. मी भ्यायलेलो नाही असं समजू नका. उद्या मी गेल्यावर तिचं कोण, हे मला माहीत नाही. मालतीचं काय होईल तेही माहीत नाही. करमाळ्याच्या आबासाहेबांना मी आज खरं ते लिहिलं आहे. त्यांचा नकार येईल असं ही म्हणते. मलाही तसंच वाटतं. तरी ती येणार नाही.

घोयराही मिळणार नाही. तो बरा झाला होता, पकड घट्ट झाली होती, बोटावर घेतला तर सुटत नव्हता. आज सकाळी दुर्गा आणि मी त्याला बजाबाईच्या शेताच्या बांधावर घेऊन गेलो. ही पोर उन्हात एवढं चालेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं त्याला बाभळीला लावला. तो एक पाय उचलायचा, वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा मागं-पुढं झुलायचा, मग टेकवायचा. बजाबाई लांबून म्हणाली, “आता बगत बसू नगा त्येच्याकडं, चला.” आम्ही तिच्या झोपडीत ताक प्यालो आणि परत आलो.

बाटली तुमच्या स्नेह्यांबरोबर परत पाठवत आहे. स्पिरिट होतं तेवढंच आहे.

अनारसे काल तळून झाले. वाणाचे तेहतीस हिनं मोजून वेगळ्या डब्यात भरून ठेवले होते. त्यांचं काय करायचं म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, दुर्गाला दे. आज दुपारी दुर्गा तो डबा घेऊन मागच्या दारी भिंतीशी जाऊन बसली. तिनं दार लोटून घेतलं. आम्ही तिघं पुढच्या खोलीत बसलो. मालती फटीतून बघायला उठली होती, तिला मी हाताला धरून खाली बसवलं.

संध्याकाळी डबा स्वयंपाकघरात परत आला. त्यात किती उरले होते ते कोणी मोजलं नाही.

वेणीमाधव